सीट एकाच मापाची, माणसं निरनिराळ्या मापांची

मुलगा हिंजवडीत नोकरीला लागतो, कंपनी त्याला परदेशी पाठवते आणि दोन-तीन वर्षांत भोर-वेल्ह्याकडचे आईवडील पहिल्यांदा विमानात बसतात. त्यांच्याकडून आणि रोज स्वारगेटची एसटी पकडणाऱ्यांकडून एकाच विषयावरचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शेजारी धिप्पाड माणूस बसला, सगळा प्रवास अंग चोरून केला, तक्रार करता आली असती का? दुसरा प्रश्न याच्या उलट बाजूचा असतो: माझं वजन जास्त आहे, विमानात मला दोन तिकिटं काढायला लावतील का? आणि तिसरा खास एसटीतला: मी अर्ध्या तिकिटावर प्रवास करते, म्हणून मला जागाही अर्धीच का?

तिन्ही प्रश्नांमागचा घोळ एकच आहे. माणसं शेजाऱ्याशी भांडत बसतात, आणि ज्यानं सीट विकली त्याला काही विचारतच नाहीत. सतरा-अठरा इंचांची सीट शेजाऱ्यानं बनवलेली नाही. तोही तुमच्यासारखाच पैसे मोजून अडचणीत बसलेला आहे. म्हणून एसटीत वाहक, जीपमध्ये चालक आणि विमानात केबिन क्रू, या माणसांकडे लवकर आणि नीट शब्दांत जाणं हाच खरा उपाय.

एसटीत: तिघांच्या बाकावर

साध्या लाल गाडीत बऱ्याचदा एका बाजूला तिघांचं आणि दुसऱ्या बाजूला दोघांचं बाक असतं. तंटे होतात ते तिघांच्या बाकावर. तिथे कुणी कुठे बसावं हे आधीच ठरवलंत तर निम्मा त्रास वाचतो.

- अंगानं मोठ्या माणसानं वाटेच्या कडेला बसावं. त्याला एक पाय वाटेकडे सोडता येतो आणि खांदा मोकळा राहतो. मात्र उभ्या प्रवाशांचे धक्के त्यालाच बसतात, हेही लक्षात घ्या.
- मधल्या जागी तिघांतला सडपातळ माणूस बसला तर सगळ्यांचीच सोय होते. मधल्यानं पाठ पूर्ण टेकावी आणि कडेच्या दोघांनी किंचित पुढे सरकून बसावं. खांदे एका ओळीत आले की जागा कमी पडते, मागेपुढे झाले की पुरते.
- पिशवी मांडीवर किंवा पायाशी घ्या. दोन माणसांमध्ये ठेवलेली पिशवी अर्ध्या माणसाची जागा खाते आणि भांडण मात्र माणसाच्या अंगावरून होतं.
- पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं. त्याला मांडीवर घेणं हेच रास्त. त्याच्यासाठी स्वतंत्र जागा धरून दुसऱ्याला उभं ठेवू नका.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपल्याकडची रीत जुनी आहे. पण आरक्षण नसलेल्या गाडीत रुमालाला कसलाही अधिकार नाही. वाद झालाच तर निर्णय वाहकाचा. महिला, ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रवाशांसाठी राखीव जागा गाडीत लिहिलेल्या असतात. त्यांतल्या जागेवर दुसरं कुणी बसलं असेल तर उठवून देण्याचं काम वाहकाचं आहे. तुम्ही स्वतः हुज्जत घालू नका, त्यांना सांगा.

आता अर्ध्या तिकिटाचं. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं लागतं. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 वयाला अर्धं भाडं. तेव्हापासून गर्दीच्या गाडीत “अर्ध्या तिकिटात आलात, जरा सरका” किंवा “फुकटात बसलाय, उठा” असे टोमणे ऐकू येतात. हे साफ चूक आहे. सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळाला देतं. सवलत भाड्यात आहे, जागेत नाही. शून्य रुपयाचं तिकीट हातात असलेल्या आजोबांची जागा पूर्ण भाडं भरणाऱ्या तरुणाच्या जागेएवढीच पक्की असते. असं बोलणं तुमच्यासमोर झालं तर त्या आजोबांच्या बाजूनं बोला. ते स्वतः बहुतेक वेळा बोलत नाहीत.

वाहकानं ऐकलं नाही तर तक्रार पुस्तक मागा. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि कुठून कुठे जात होता, एवढं लिहून आगार व्यवस्थापकांकडेही अर्ज देता येतो. भोरच्या गाडीसाठी भोर आगार आहे. दुसऱ्या आगाराची गाडी असेल तर तिकिटावर आगाराचं नाव पाहा आणि तिकीट जपून ठेवा.

वडापच्या जीपमध्ये

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळहून भोरकडे जाताना जीपमध्ये “एकजण सरकून घ्या” हे ऐकलं नाही असा माणूस विरळा. इथे भांडण शरीराच्या आकाराचं नसतंच, चालकानं भरलेल्या जादा माणसांचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194अ नुसार परवान्यापेक्षा जास्त प्रवासी बसवले तर प्रत्येक जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे, आणि जादा माणसं उतरेपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही. चालकाच्या हालचालीला अडथळा होईल असं त्यानं कुणाला बसू देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 125 खाली. चालकाच्या उजव्या हाताला कुणी अर्धं अंग बाहेर काढून बसलं असेल तर त्या गाडीत बसू नका. पुढची गाडी अर्ध्या तासानं आली तरी चालेल. शेवटची गाडी असेल तर हे सांगणं सोपं नाही, हे खरं. पण निदान घाटवाटेला तरी हट्ट धरा.

विमानाचं तिकीट काढण्याआधी

विमानातल्या साध्या वर्गाची सीट साधारण 17 ते 18 इंच रुंद असते. एका प्रवाशाला अमुक इंच जागा मिळालीच पाहिजे, असा आकडा आपल्याकडच्या प्रवासी हक्कांच्या नियमांत नाही. स्थूल प्रवाशाला दुसरी सीट मोफत द्यावी असाही नियम नाही. म्हणून आधी स्वतःचं माप घ्या. घरातल्या सपाट खुर्चीवर बसा, कमरेखालच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक उभं लावा, आणि मधलं अंतर टेपनं मोजा. 17 इंचांच्या आत असेल तर काळजी नाही. 17-18 च्या आसपास असेल तर खालच्या सूचना वाचून सीट निवडा. त्याहून बरंच जास्त असेल, तर जादा सीटचा विचार खरंच करा. ही लाजेची बाब नाही. लांबच्या प्रवासात पाय आणि कंबर अवघडू नये म्हणूनही ती लागते.

जादा सीट घ्यायची असेल तर:

- तिकीट काढतानाच सांगा. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर एकाच नावावर दोन सीट घेणं नीट जमत नाही, म्हणून कंपनीला फोन करा. तालुक्याच्या गावातल्या एजंटाकडून काढत असाल तर “एकाच माणसासाठी शेजारशेजारच्या दोन सीट” हे स्पष्ट शब्दांत सांगा.
- दोन्ही सीटचे क्रमांक लागून आहेत का ते तिकिटावर पाहा. एक 14 ब आणि दुसरी 22 ड आली तर पैसे वाया गेले म्हणून समजा.
- दोन्ही सीटचे बोर्डिंग पास घ्या आणि हातात ठेवा. विमान भरलेलं असलं की रिकामी दिसणारी सीट दुसऱ्याला देण्याची घाई होते. पास दाखवता आला पाहिजे.
- जादा सीटमागे जादा सामान नेता येईलच असं धरून चालू नका. आधी विचारा.

मुलं कॅनडात असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या. तिथे 2009 पासून देशांतर्गत विमानप्रवासात स्थूलतेमुळे अपंगत्व असलेल्या प्रवाशाला दुसऱ्या सीटचे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि मुंबईहून टोरांटोला जाणाऱ्या विमानाला हा नियम लागू नाही. अमेरिकेत ज्या त्या कंपनीचं धोरण वेगळं आहे. मुलाला तिकडून फोन करून विचारायला सांगा.

कोणती सीट निवडाल

बरेच जण “पुढची मोकळी सीट” म्हणून पहिली रांग किंवा संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळची रांग मागतात. पायांना तिथे जागा मिळते हे बरोबर. पण पहिल्या रांगेत जेवणाचा ट्रे सीटच्या हातात बसवलेला असतो, त्यामुळे सीटचे हात जाड असतात आणि वर उचलता येत नाहीत. कमरेला जागा उलट कमीच मिळते. आकारानं मोठ्या माणसानं ही सीट टाळावी, उंच आणि सडपातळ माणसानं खुशाल घ्यावी. दाराजवळची रांग वृद्ध, गर्भवती, मुलं आणि सीटच्या पट्ट्याला जादा तुकडा लागणाऱ्या प्रवाशांना देत नाहीत, कारण तिथे बसणाऱ्याला वेळ पडल्यास दार उघडायचं असतं.

मोठ्या अंगाच्या माणसाला सर्वांत सोयीची सीट वाटेच्या कडेची. पुष्कळ विमानांत वाटेकडच्या सीटच्या हाताखाली, मागच्या टोकाला एक कळ असते. ती दाबली की हात वर होतो. सापडली नाही तर क्रूला विचारा, पण विमान उडताना आणि उतरताना हात खालीच हवा. मागची शेवटची रांग मात्र नको. तिची पाठ बहुधा मागे झुकत नाही.

घरची माणसं बरोबर असतील तर लागून सीट घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. पती-पत्नीची कोपरं एकमेकांना लागली तर तक्रार होत नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांपैकी निदान एकाशेजारी बसवलं पाहिजे, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आदेश 2024 पासून आहे. तिथे कुणी “जादा पैसे भरा” म्हणालं तर हा आदेश सांगा.

एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांसाठी एक सोय मे 2024 पासून इंडिगोनं सुरू केली आहे. ऑनलाइन चेक-इन करताना कोणत्या सीटवर महिला आहेत हे महिला प्रवाशाला दिसतं. मुलीनं किंवा सुनेनं चेक-इन करून दिलं तर सासूबाईंसाठी ही खूण नक्की पाहावी.

सीटवर बसल्यावर जागा अपुरी वाटली तर

वेळ फार महत्त्वाची आहे. विमानाची दारं बंद होण्याआधी बोलाल तर क्रूच्या हातात काहीतरी असतं. विमान उडाल्यावर ते मोकळी सीट असेल तरच मदत करू शकतात.

आधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. “आपण हा मधला हात खाली घेऊ या का?” एवढं पुरतं. आपल्याकडच्या वयानं मोठ्या माणसाला “काका, जरा सावरून बसता का” म्हटलं तर राग येत नाही, पण “किती जागा घेतलीय” म्हटलं की येतो. माणसाच्या शरीराबद्दल एक शब्दही काढू नका. मधला हात पूर्ण खाली जात नसेल, किंवा गेला तरीही त्याच्यावरून शेजाऱ्याचं अंग तुमच्या सीटवर येत असेल, तर हे बोलणं थांबवा आणि उठा.

उठून क्रूकडे जा. जागेवरून बटण दाबून सर्वांसमोर सांगण्यापेक्षा मागच्या किंवा पुढच्या टोकाला जाऊन हळू आवाजात सांगणं बरं. शेजाऱ्याचा पाणउतारा होत नाही आणि क्रूही मोकळेपणी मार्ग काढतात. इंग्रजी येत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत बोला. पुण्याहून सुटणाऱ्या विमानात कुणी ना कुणी समजून घेतं. सांगायचं एवढंच: “सीटचा हात पूर्ण खाली जात नाही. मला दुसरी सीट मिळेल का?”

मनानं उठून रिकाम्या सीटवर जाऊन बसू नका. विमानाचा तोल कोण कुठे बसलंय यावरही ठरवलेला असतो, आणि लहान विमानात तर याला फारच महत्त्व असतं. उड्डाणाआधी क्रूला विचारल्याशिवाय हलायचं नाही.

पट्टा पुरत नसेल तर क्रूकडे एक्स्टेंडर मागा. पट्ट्याला जोडायचा हा जादा तुकडा विमानातच असतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. बाजारातून विकत घेतलेला स्वतःचा तुकडा चालत नाही. पट्टा न लावता वर शाल पांघरून लपवणारे लोक आहेत. असं कृपया करू नका, जिवाशी खेळ आहे.

कंपनीनं उतरायला सांगितलं तर

विमान पूर्ण भरलेलं असेल आणि दोघांना शेजारी बसवणं शक्यच नसेल, तर कंपनी एखाद्याला पुढच्या विमानानं जायला सुचवते. इथे तीन गोष्टींची गल्लत करू नका.

तुम्ही स्वखुशीनं थांबायला तयार झालात तर काय मिळणार हे आधी लिहून घ्या: पुढचं विमान कोणतं, जेवण, राहण्याची सोय, जादा मोबदला. तोंडी कबूल केलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

तुमचं तिकीट पक्कं होतं, तुम्ही वेळेत हजर होता आणि कंपनीनं क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं दिल्यामुळे तुम्हाला बसू दिलं नाही, तर डीजीसीएच्या नियमानुसार एका तासात सुटणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. चोवीस तासांत दिल्यास मूळ भाडं आणि इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल 20,000 रुपये. तुमच्या तिकिटाच्या वर्गाहून खालच्या वर्गात बसवलं तर 2023 पासून देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. रागाच्या भरात “मला नाही बसायचं” म्हणून स्वतः उतरलात तर तुम्ही गैरहजर धरले जाता. पुढची जोडविमानं आणि परतीचं तिकीटही त्यामुळे रद्द होऊ शकतं. दुबईमार्गे अमेरिकेला निघालेल्या माणसाला हा राग लाखाला पडतो.

आणि आवाज चढवाल, ढकलाल, तर नियम तुमच्यावरच उलटतात. डीजीसीएच्या 2017 च्या नियमांत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ आणि तोंडी त्रासासाठी तीन महिन्यांपर्यंत, ढकलणं-मारणं यासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वर्तनासाठी किमान दोन वर्षं विमानप्रवासाची बंदी येते. सीटच्या भांडणात कोपर मारणारा माणूस दुसऱ्या पायरीवर जातो, आधी चूक कुणाची होती हे कुणी पाहत नाही.

हा जागेचा वाद नव्हे

बायकांनी एक फरक मनाशी पक्का करावा. मोठ्या अंगाचा माणूस जागेअभावी लागतो तेव्हा तो स्वतःच अवघडलेला असतो, तुम्ही सरकलात की तोही सरकतो. तुम्ही सरकल्यावर हात पुन्हा तुमच्याकडे येत असेल, तर तो गर्दीचा धक्का नाही. मग समजुतीचे शब्द नकोत. एसटीत मोठ्यानं ओरडा, वाहकाला गाडी थांबवायला किंवा पोलीस ठाण्याकडे न्यायला सांगा, 112 लावा. विमानात ताबडतोब क्रूला सांगा, लेखी नोंद करायला लावा आणि उतरल्यावर विमानतळावरच पोलिसांकडे जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 आणि 75 खाली गुन्हा नोंदवता येतो. “उगाच तमाशा नको” म्हणणाऱ्या सोबत्याचं ऐकू नका.

तक्रार कुठे आणि कशी

प्रवास संपल्यावर तक्रार टिकते ती कागदावर. म्हणून बोर्डिंग पास, सीट क्रमांक, क्रूला कधी सांगितलं ती वेळ आणि त्यांनी दिलेलं उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा. सीटचा हात खाली जात नसल्याचा फोटो काढलात तरी शेजाऱ्याचा चेहरा येऊ देऊ नका आणि तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका. तुमची तक्रार कंपनीविरुद्ध आहे.

1. आधी विमान कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता संकेतस्थळावर असतो.
2. उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर तक्रार घाला.
3. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही बोलता येतं.
4. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात दावा करता येतो. म्हणजे कंपनी गुरुग्रामची असली तरी भोरच्या माणसानं पुण्यातच दावा करायचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

एक स्पष्ट सांगते. “प्रवास अवघड झाला” एवढ्यावर भरपाई क्वचित मिळते. सीट बदलून मागितली, जागा असूनही दिली नाही, किंवा विकत घेतलेली जादा सीट काढून घेतली, अशी ठोस गोष्ट असेल तर दावा उभा राहतो. शरीराला इजा झाली असेल तर डॉक्टरांचा कागद त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. ब्रिटनमधल्या एका विमान कंपनीनं अवाढव्य शेजाऱ्याखाली चेंगरून जखमी झालेल्या महिलेला 2002 मध्ये 13,000 पाउंड दिले होते, ते तिच्या दुखापतीबद्दल.

वयस्क आईवडिलांना एकटं पाठवत असाल तर व्हीलचेअरची मागणी निदान 48 तास आधी नोंदवा, सीट वाटेच्या कडेची घ्या, आणि “जागा पुरली नाही तर कुणाला काय सांगायचं” ही दोन वाक्यं त्यांना मराठीत आणि हिंदीत लिहून द्या. पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा.